आबांची मूठ आणि माझा अहवाल

माझ्या सासूबाई शिरपूरकडच्या. सून काय काम करते असं त्यांना कोणी विचारलं की त्या न अडखळता सांगत, "नोकरी करस. लोकेसले कागद लिखी लिखी पैसा मांगस." सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. मी जळगावातल्या एका संस्थेत कार्यक्रम अधिकारी होते, टेबलावर माझ्या नावाची पाटी होती आणि ती मी रोज स्वतः पुसत असे. आता निवृत्त होऊन घरी बसल्यावर वाटतं, माझ्या कामाची इतकी नेमकी व्याख्या दुसऱ्या कोणीच केली नाही. पाटी मात्र मी येताना घरी आणली आहे. सध्या ती मसाल्याच्या डब्यांमागे असते.

ज्यांचा या धंद्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मुंबई-पुण्याकडे समाजाचं भलं करू इच्छिणारे मोठे ट्रस्ट असतात. भलं करायला त्यांना माणसं लागतात आणि ती माणसं आमच्यासारख्या संस्थांकडे असतात. मधला व्यवहार कागदावर होतो. आम्ही प्रस्ताव लिहायचा, त्यांनी अनुदान द्यायचं, मग आम्ही अहवाल लिहायचा आणि त्यांनी तो बघायला एखाद्या बाईला किंवा बुवाला पाठवायचं. या सगळ्यात माझं काम होतं साध्या गोष्टींना जड नावं देण्याचं. आमचे फील्डवर्कर गौतमभाऊ एखाद्या भांडकुदळ घरमालकाबरोबर चहा पिऊन आले, की मी लिहायची, 'मध्यस्थी सत्र संपन्न'. दुसऱ्या कपाला 'पाठपुरावा सत्र'. गौतमभाऊंना ॲसिडिटी झाली ती बहुतेक माझ्याच अहवालांमुळे.

आमचा विषय होता बेघरपणा रोखण्याचा. म्हणजे माणूस रस्त्यावर आल्यावर त्याला निवाऱ्यात न्यायचं हे महापालिकेकडे, आणि तो रस्त्यावर येऊच नये म्हणून आधी धावपळ करायची ती आमच्याकडे. ऐकायला सुंदर आहे. अडचण एवढीच की जो माणूस रस्त्यावर आलाच नाही त्याचा फोटो कुठून आणायचा? ट्रस्टवाल्यांना 'पूर्वी' आणि 'नंतर' असे दोन फोटो लागतात. आमच्या कामात पूर्वीही माणूस घरात बसलेला आणि नंतरही घरातच बसलेला.

त्यातून गिऱ्हाईकंही एकेक नमुनेदार. एक गृहस्थ आपल्या आईला घेऊन आले आणि म्हणाले, हिची निवाऱ्यात सोय लावा. आई चांगली ठणठणीत, हातात पिशवी, पिशवीत अडकित्ता. मी माझा खास गंभीर चेहरा करून ज्येष्ठांच्या हक्कांवर बोलायला सुरुवात केली. बराच वेळ बोलले. शेवटी म्हातारीनेच मला थांबवलं आणि सांगितलं की घरी नातीचा साखरपुडा आहे, पाहुणे फार, झोपायला जागा नाही, म्हणून चार दिवस इकडे राहावं असं तिनेच सुचवलं होतं. निवाऱ्यात पंखे चांगले आहेत असं तिच्या कानावर आलं होतं. निघताना तिने मला साखरपुड्याचं आमंत्रण दिलं. मी गेलेही. अहवालात काय लिहिलं ते विचारू नका.

मग एका वर्षी आम्हाला थोरलं अनुदान मिळालं. त्यात दोन भाग होते, एक सुरक्षित वस्तीचा आणि दुसरा बेघरपणा रोखण्याचा. प्रस्ताव मीच लिहिला होता आणि हे दोन विषय कसे हातात हात घालून चालतात यावर एक अख्खं पान खर्ची घातलं होतं. ते पान वाचून ट्रस्टच्या लोकांनी माझं कौतुक केल्याचं कळलं होतं, आणि मी ते ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं, काहींना दोनदा.

मेहरूणच्या अलीकडे एक वस्ती आहे, तिथे आम्ही काम सुरू केलं. सुरक्षेच्या भागातून गल्लीत सौरदिवे लावले, वस्ती सुरक्षा समिती नेमली, समितीला शिट्ट्या आणि बॅटऱ्या दिल्या. अध्यक्ष झाले पाटील सर, निवृत्त शिक्षक. त्यांचं प्रशिक्षण मी घेतलं. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'अनोळखी व्यक्तीकडे लक्ष ठेवा'. सरांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली.

दिवे लागले त्याच आठवड्यात सकाळी मी ऑफिसात पाटी पुसत असताना बाहेर शिट्टी वाजली. पाठोपाठ गौतमभाऊ आत आले. चेहरा शक्य तितका कोरा ठेवून म्हणाले, "मॅडम, समितीची पहिली कारवाई झाली. त्यांनी आपलाच माणूस पकडून आणलाय."

तो माणूस म्हणजे हिंमत आबा. सत्तरीचे, धोतर-टोपीतले, गल्लीतल्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर राहणारे. आयुष्य सावद्याला केळीचे घड ट्रकमध्ये भरण्यात गेलं, पाठ गेल्यावर जळगावला आले आणि या ओट्याला टेकले. आमच्या अनुदानाच्या दुसऱ्या भागात ज्या लोकांना मदत करायची होती त्यात त्यांचं नाव अगदी वर होतं, आणि पहिल्या भागातला दिवा नेमका त्यांच्या ओट्यासमोर लागला होता. इतकी वर्षं ते अंधारात सुखाने राहत होते, कोणाला दिसत नव्हते. आम्ही त्यांच्यावर उजेड पाडला आणि समितीला ते संशयास्पद वाटले. माझ्या त्या सुंदर पानातले दोन विषय हातात हात घालून चालत आले होते, फक्त एकाने दुसऱ्याची गचांडी धरली होती.

पाटील सर भला माणूस. त्यांना समजावल्यावर ते इतके ओशाळले की स्वतः आबांना चहा घेऊन आले. पण माझं लक्ष आबांच्या चपलांकडे होतं. त्या त्यांनी पायातून काढून मांडीवर ठेवल्या होत्या आणि वर दोन्ही हात. पुढे मी पाहिलं, झोपताना त्या उशाखाली असत. रस्त्यावर राहणाऱ्याची पहिली वस्तू जाते ती चप्पल, आणि ती गेली की माणूस कामालाही जाऊ शकत नाही. एवढं मला माहीत होतं. माझ्या एका प्रस्तावात यावर एक वाक्यही होतं.

आबांच्या बाबतीत घाई होती. गिरणीची जागा विकली गेली होती आणि नवा मालक पोळ्याच्या आत ती पाडणार होता. पाऊस सुरू, आबांना खोकला. ओटा गेला तर हा माणूस भर पावसात उघड्यावर येणार हे मला दिसत होतं. मी त्यांना निवाऱ्यात चला म्हणाले. ते नाही म्हणाले. का, तर तिथे दारात नाव लिहून घेतात आणि पुढे बेघर असं लिहितात.

मी म्हटलं, आबा, तुम्हीच तर सांगितलंत ना तुमचं कोणी नाही म्हणून.

"कोणी नही ते खरं," ते म्हणाले. "पण मन्हं घर शे. तठे जाता येस नही, इतलंच."

या वाक्यावर मी प्रशिक्षण शिबिरांत पुढे फार बोलले आहे. तेव्हा मात्र मला ते म्हाताऱ्याचं आडमुठेपण वाटलं. गौतमभाऊंनी चहावर चहा पाजून एरंडोलकडचं, पद्मालयाच्या वाटेवरचं एक गाव त्यांच्याकडून काढून घेतलं. घर कोणाचं, ते काही आबांनी सांगितलं नाही. मग श्रावण लागला आणि एके दिवशी आबांनी गौतमभाऊंना सहज विचारावं तसं विचारलं, "यंदा कानबाई कव्हय शे?"

खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. पोटापाण्यासाठी सुरतेला, नाशिकला गेलेले भाऊबंद त्या दिवशी मूळ घरी येतात. कुटुंबातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ मूठ गहू काढायचे, ते दळायचे आणि त्याचा जो स्वयंपाक होतो तो रोट. तो फक्त भाऊबंदांनी खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. बायकांच्या नावाने मूठ का नाही, असं मी नवीन असताना सासूबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मंग रांधी कोण?" चर्चा तिथेच संपली.

तर, ज्याचं कोणी नाही तो माणूस कानबाईची चौकशी करत होता. मी तडक त्या गावाला गेले. आबांचं नाव घेतल्यावर पारावरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मला एका घराकडे बोट दाखवलं. ओसरीत आबांचे थोरले भाऊ बसले होते, दगा नाना. तोच नाकाचा शेंडा, तीच आंबट मुद्रा. मी त्यांना नमस्कार केला आणि त्यांनी काही विचारायच्या आधीच मी घरात गेले, कारण धोरण असं सांगतं की आधी कुटुंबातल्या महिलांचा विश्वास संपादन करावा.

आत नानांची बायको, केसरअक्का, कानबाईचे गहू निवडत बसली होती. मी इकडचं तिकडचं बोलून विचारलं, मूठ कोणाकोणाच्या नावाने टाकता?

"बठ्ठास्ना नावनी," अक्का म्हणाली. "जो घरमा शे त्यानी बी, जो नही त्यानी बी." मग दाराकडे पाहून आवाज अगदी खाली आणला. "हिंमतनी बी."

मी काय समजले हे तुमच्या लक्षात आलंच असेल. अक्काकडून कळलं की दोघा भावांचं फार वर्षांपूर्वी बांधावरच्या पाण्यावरून भांडण झालं होतं, हिंमत आबांनी रागात नानांवर हात उचलला होता आणि त्याच पावली घर सोडलं होतं. तेव्हा ते एकटेच होते, बायको आदल्या वर्षी गेलेली, मूलबाळ नाही. म्हणजे नवऱ्याची चोरी करून ही माउली दिराच्या नावाची मूठ टाकते आहे, असा माझा निष्कर्ष. परत येताना एसटीत माझे डोळे भरून आले, आणि एरंडोल यायच्या आत माझ्या मनात योजना तयार होती. नानांचं हृदयपरिवर्तन, टप्प्याटप्प्याने. पहिला टप्पा, गावातले मान्यवर. दुसरा टप्पा, आबांचे सुरतेला असलेले पुतणे. नानांशी बोलणं शेवटच्या टप्प्यात होतं, पूर्वतयारी झाल्यावर. ती योजना मी ट्रस्टला पाठवलीही. तिकडून उत्तर आलं की प्रक्रिया फारच अनुकरणीय आहे आणि ती बघायला आमच्या एक मॅडम कानबाईच्या रविवारी येत आहेत.

पण योजना होती तिथेच होती. पहिल्या टप्प्यातच मान्यवरांनी मला सांगितलं होतं की नानांच्या घरच्या गोष्टीत आम्ही पडत नाही. पुतणे फोनवर "बघू" म्हणाले. आबांना तर मी काय तोंडाने नेणार? मूठ आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं आणि नानांनी दारातून हाकलून दिलं, तर हा माणूस पुन्हा त्या ओट्यावरही परतणार नाही, ही भीती मला खरोखर वाटत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि यात अनुदानाची काळजी फार थोडी होती. थोडी होती.

शनिवारी आबांना फक्त एवढंच सांगितलं की उद्या तुमच्या गावाकडे कामाला जातोय, कानबाईचा दिवस आहे, वाटलं तर चला. रविवारी सकाळी मी आणि गौतमभाऊ गेलो तेव्हा आबा धुतलेल्या धोतरात, दाढी करून ओट्यावर तयार बसले होते. तेव्हाच मी त्यांचा 'पूर्वी'चा फोटो काढून घेतला. मांडीवर चपला, वर दोन्ही हात. जीपमध्ये पुढे मुंबईच्या वैदेही मॅडम, मागे मी, गौतमभाऊ आणि मध्ये आबा. वैदेही मॅडम अगदी तरुण आणि सालस होत्या. त्यांनी मला विचारलं की आज कुटुंबाबरोबर सहभोजन आहे ना. मी तसं कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं. रोट बाहेरच्याला देत नाहीत हे खानदेशात जन्म जाऊनही लिहिताना माझ्या डोक्यातून पार निघून गेलं होतं, आणि ते मला आठवलं नेमकं एरंडोलच्या पुढे. मी मान डोलावली.

घरात माणसं मावत नव्हती. दारात चपलांचा ढीग, आतून पुरणाचा वास, बायकांची गाणी. आबा अंगणात आले आणि थांबले. ओळखणाऱ्यांनी ओळखलं, गाणं मध्येच बंद पडलं. नाना ओसरीवर उठून उभे राहिले. आता मला मध्ये पडून दोन्ही पक्षांना शांत करायचं होतं. त्यासाठीचं पहिलं वाक्य मी तयार करून आणलं होतं. ते काही केल्या आठवेना.

आबांनी वर पाहिलं नाही. चपला पायातच होत्या, उंबऱ्यापासून लांब. ते जमिनीशी बोलल्यासारखं बोलले, "पहिले सांगा. मन्ही मूठ टाकी का?"

मी अक्काकडे पाहिलं. बिचारी आता काय सांगणार, नवऱ्यासमोर.

बोलले नाना. "दरसाल टाकतस. मीच सांगस टाकाले. पहिली तुन्ही, मंग पोरेसनी."

"मंग बलावं का बरं नही?"

"तू सांगी गयथा, मांगे येशात तं विहीरमा उडी टाकसू." नानांचा आवाज फाटला. "मी भ्यायनू रे."

बस, एवढंच. एक भाऊ बोलावलं नाही म्हणून येत नव्हता आणि दुसरा, बोलावलं तर तो जीव देईल म्हणून बोलावत नव्हता. आणि मी? ज्या माणसाच्या हृदयपरिवर्तनाची मी टप्प्यांत आखणी केली होती, त्याला एकदा ओसरीत बसून विचारलं असतं तर हे काम पहिल्याच दिवशी झालं असतं. अक्काने आवाज का खाली आणला होता हेही तिने मला नंतर सांगितलं. हिंमतचं नाव निघालं की नाना दिवसभर जेवत नाहीत, म्हणून.

नाना खाली उतरले, त्यांनी धाकट्या भावाच्या दंडाला धरलं आणि आत नेलं. मी अंगणात उभी राहून रडले. हे अहवालात नाही. गौतमभाऊ दुसरीकडे तोंड करून उभे होते, बहुधा त्याच कारणासाठी.

आत पंगत बसली आणि आम्ही तिघं शेजारच्या घराच्या ओट्यावर. शेजाऱ्यांनी चहा आणि बिस्किटं दिली. वैदेही मॅडमनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग हळूच विचारलं, "आपलं सहभोजन कधी आहे?" मी त्यांना मुठीचं सगळं समजावून सांगितलं. त्या मनापासून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या की हे फारच छान आहे, पण याचा निर्देशक काय धरायचा, म्हणजे यश मोजायचं कशात? मी म्हटलं, गहू. त्यांनी ते लिहून घेतलं.

निघताना आबा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते, मी 'नंतर'चा फोटो काढला. त्यांना निरोप देताना मी नको ते विचारलं, बरं वाटतंय ना. ते म्हणाले, "जेवण जास्त व्हयनं." ते तिथेच राहिले. गिरणी पोळ्याआधी पडली तेव्हा तिच्या ओट्यावर कोणी नव्हतं.

पुढच्या वर्षी अनुदान चालू राहिलं, पण फक्त दिव्यांसाठी. दिव्यांचे फोटो फार चांगले आले होते. पूर्वी अंधार, नंतर उजेड, कोणालाही कळावं असं. बेघरपणाच्या भागाबद्दल ट्रस्टने सौजन्याने कळवलं की लाभार्थ्याच्या स्थितीत दृश्य फरक आढळत नाही. मला राग आला आणि मी ते दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. दोन्हींत एक म्हातारा ओट्यावर बसलेला आहे. तेच धोतर, तीच टोपी, तीच आंबट मुद्रा. दुसऱ्यात तर तो जरा जास्तच वैतागलेला दिसतो, जेवण जड झाल्यामुळे.

ते पत्र आलं आणि गौतमभाऊंचं पद गेलं. त्यांच्यासाठी मी आणखी दोन प्रस्ताव लिहिले, दोन्ही परत आले. ती हळहळ आजही आहे. जी घरं आम्ही त्या वर्षानंतर गाठू शकलो नाही, तिथून कोण रस्त्यावर आलं, मला माहीत नाही.

फोटो मी घरी घेऊन आले आहे, पाटीबरोबर. मध्ये एकदा गौतमभाऊ आले होते, त्यांना दाखवले. त्यांनी दुसऱ्या फोटोत बोट ठेवलं. आबांची मांडी रिकामी होती. हात नुसते बाजूला टाकलेले. चपला कुठे गेल्या म्हणून मी चष्मा लावून पाहिलं, तर फोटोच्या कोपऱ्यात दाराशी तो ढीग होता, भाऊबंदांच्या चपलांचा, एकावर एक पडलेला. त्यात आबांच्या कोणत्या, ते आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही.